बिनलेबलच्या बाटल्या

आमच्या घरातल्या कुठल्याच बाटलीवर लेबल नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

नियम बाबांचा. ओला कचरा रोज, सुका आठवड्यातून दोनदा, एवढं तर आमच्या येलहंका भागात सगळेच करतात. नाही केलं तर गाडीवाला पिशवी परत दारात ठेवून जातो. पण बाबा क्वालिटी कंट्रोलमधून रिटायर झालेले. सरकारी कारखान्यात आयुष्यभर पार्ट तपासले, आणि रिटायर झाल्यावर तपासायला घरात उरला तो कचरा. त्यांनी युटिलिटीत, म्हणजे किचनच्या मागच्या जाळीच्या बाल्कनीत, भाजीवाल्याचे जुने क्रेट रचले. बाटल्या एकात. झाकणं दुसऱ्यात. लेबलं तिसऱ्यात. बाटलीचं प्लास्टिक वेगळं, झाकणाचं वेगळं, आणि लेबलाचा गोंद वितळवताना सगळा माल खराब करतो, असं बाबांचं म्हणणं. दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, दोरीवर चिमट्याला.

आईने त्यात स्वतःची भर घातली. बाटली संपल्यावर लेबल काढायला गेलं की फाटतं, चिकट राहतं. नवीन असताना सालीसारखं निघतं. म्हणून सामान घरात आलं की आई तिथेच खाली बसते. हेअर ड्रायरची गरम हवा, नखाने एक कोपरा, आणि सुर्रकन. तेल, व्हिनेगर, गुलाबपाणी, भांड्यांचं लिक्विड, टर्पेंटाइन, सिंक तुंबल्यावर ओतायचं ते. सगळं नागडं.

शिवाय चांगली बाटली फेकून द्यायची नाही हा दुसरा नियम. फिनेलवाला मोपेडला कॅन बांधून येतो, त्याच्याकडून फिनेल आणि टॉयलेटचं ॲसिड सुटं घ्यायचं, आपल्या बाटलीत. संत्र्या-लिंबांच्या साली गुळात कुजवून आई लादी पुसायचं एन्झाइम करते, ते पण बाटलीत, आणि दिसायला काढ्यासारखं.

मग कळायचं कसं? आईला कळायचं. कुठली बाटली कुठे, बूच कुठलं, पातळी कुठवर, सगळं डोक्यात. मी लहानपणापासून हाक मारत आलोय, आई, व्हिनेगर कुठलं? आणि ती पोळी लाटता लाटता मागे न बघता सांगायची, मधल्या फळीवर, उजवीकडून दुसरी. कधी चुकली नाही. बिल्डिंगच्या असोसिएशनच्या बायका आल्या की बाबा त्यांना युटिलिटी दाखवायचे, लोक देवघर दाखवतात तसं.

तर यंदा शमिका येणार होती. माझी मोठी बहीण, हुबळीला दिलेली. पहिलं बाळंतपण, सातवा लागला की माहेरी, मग बाळ दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत इथेच. माझी खोली तिला द्यायची ठरली. मी व्हिडिओ एडिटिंग करतो, घरूनच, कॉलेज अर्धवट सोडून आपलं आपण शिकलेलो. मशीन हॉलमध्ये हलवायचं. मला काही वाटलं नाही त्याचं. खरंच नाही. हे सांगतोय कारण नंतर तेच काढलं गेलं.

मार्चमध्ये एका सकाळी फोडणी तडतडली नाही. फेस आला. कढईभर, शुभ्र, लिंबाच्या वासाचा. आईने तेलाच्या जागी भांड्यांचं लिक्विड ओतलं होतं. सगळ्यात जास्त हसली तीच. व्हिडिओ कॉलवर शमिकाला कढई दाखवली, तीही हसून हसून दमली. बाबा म्हणाले लक्ष नव्हतं तिचं, बाळाच्या कपड्यांचं डोक्यात असेल. बरोबर वाटलं मला.

मग पिशवी.

दुपारी मी चहासाठी उठलो आणि युटिलिटीत गेलो. दोरीवर धुतलेल्या पिशव्यांची रांग, नेहमीसारखी. त्यात एक भरलेली होती. न कापलेली. दुधासकट चिमट्याला टांगलेली. उन्हाने टम्म फुगलेली. मी हात लावला तर कोमट लागली, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी. मी झटकन हात मागे घेतला. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

बाबा मागून आले. काही विचारलं नाही. पिशवी उतरवली, कापली, नासलेलं दूध मोरीत ओतलं, पिशवी आतून बाहेरून धुतली आणि परत त्याच चिमट्याला लावली. दोन बोटांनी नीट सरळ केली. आणि आत गेले.

त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. मला पिशवीपेक्षा त्याची भीती वाटली.

त्यानंतर मी बघायला लागलो. आई आंघोळीला गेली की बाबा युटिलिटीत. पूजेला बसली की बाबा युटिलिटीत. क्रेट उपसायचे, परत लावायचे. झाकणांच्या क्रेटमधून आईच्या बीपीच्या गोळ्या निघाल्या. लवंगांच्या डबीतून रिमोटचे सेल निघाले, ते त्यांनी खिशात टाकले आणि लवंगा धुवायला घेतल्या. आई देवाला फुलं वाहून बाहेर यायची तोवर सगळं जागच्या जागी. रोज. किती दिवस चाललं होतं कोणास ठाऊक.

मी त्यांना पार्कच्या बाकावर गाठलं. घरात बोलता येत नव्हतं. मी म्हटलं आईला डॉक्टरकडे नेऊ, आणि शमिकाला सांगू, ती पोटुशी आहे, उद्या बाळाला काही पाजलं गेलं तर. वरून एअरफोर्सचं विमान गेलं, आवाज संपेपर्यंत ते मान वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरकडे नेलं की कागदावर येतं, आशय. कागदावर आलं की ती आई राहत नाही, पेशंट होते. शमिकाच्या सासरचे तिला पाठवतील का मग?"

मी म्हटलं, नकोच पाठवू देत.

"तुझी आई या बाळंतपणावर उभी आहे," ते म्हणाले. "ते काढून घेतलंस तर तू सांभाळ तिला. मी आहे ना. मी बघतो सगळं."

मी बघतो. कारखान्यात असाच शिक्का मारत असतील.

मी माझ्या परीने सुरू केलं. आई दुपारी आडवी झाली की एकेक बाटली उघडून वास घ्यायचा आणि संशय आला की मोरीत. ॲसिड गेलं, टर्पेंटाइन गेलं, सिंकचं ते गेलं असावं, त्याला वासच नसतो. दोनच दिवसांत फिनेलवाल्याचा भोंगा वाजला. मी कॉलवर होतो. उठून जाईपर्यंत आईने दारात तीन बाटल्या भरून घेतल्या होत्या आणि त्याला सांगत होती, तुझ्याकडचं हल्ली लवकर संपतं बाबा. मग दुकानातून सिंकचंही आलं. आणि आल्या आल्या ती ड्रायर घेऊन बसली.

मग मी लेबलं लावली. प्रिंट काढून, मोठ्या अक्षरात, लाल रंगात विष, हिरव्यात खाण्याचं. अख्खी सकाळ गेली. संध्याकाळी बघतो तर सगळी लेबलं तिसऱ्या क्रेटमध्ये. एकावर एक, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

आई खूश होती. म्हणाली, "कुणी रे लावलेली? बरं झालं, अजून ओली होती. अलगद निघाली सगळी."

मग मार्कर. थेट बाटलीवर, न पुसणारा. ते टिकलं. आईला ते आवडलं नाही पण निघेना. मी जरा निवांत झालो. झोप लागायला लागली.

आणि शमिकाला फोन केला. गच्चीवर जाऊन, सगळं सांगितलं. कढई, पिशवी, गोळ्या, सेल. इकडे येऊ नकोस म्हटलं, हुबळीतच कर बाळंतपण. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं रडतेय.

"बाबा बोलले होते मला," ती म्हणाली. "तू असं काहीतरी करशील म्हणून."

काय बोलले?

"की खोली द्यावी लागतेय म्हणून धुसफुसतोयस. आशू, मी चार-पाच महिन्यांसाठी येतेय रे. तुझं मशीन काय पळून जाणार नाही. पण आईबद्दल असं बोलायचं? आईबद्दल?"

मी तिला मार्करचे फोटो पाठवणार होतो. खाली येऊन युटिलिटीत गेलो, तर बाबा स्टुलावर बसून तारेच्या घासणीने बाटल्या घासत होते. शेजारी नेलपॉलिश रिमूव्हर. अर्ध्याहून जास्त कोऱ्या झाल्या होत्या. म्हणाले, जावईबापू सोडायला येतायत, विष विष लिहिलेलं बघून काय म्हणतील. मी हातातली बाटली ओढली. त्यांनी सोडली नाही. दोघं एकेका टोकाला धरून उभे, आणि आतून आई विचारतेय, अहो, चहा टाकू का सगळ्यांना? त्यावर बाबा म्हणाले, टाक.

शमिका आली. तिच्या नवऱ्याने, प्राणेशने, सामान वर आणून दिलं, जेवला, त्याच दिवशी परत गेला. आईला नुसतं उधाण आलं होतं. डिंक आणला, अळीव आणले, खारका फोडत बसली. आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तिचं काहीच चुकलं नाही. शमिका माझ्याकडे बघायची, काय म्हणत होतास रे, अशा नजरेने. मलाही वाटायला लागलं की मीच वेडा.

एकच नवीन गोष्ट होती. बाबा प्रत्येक गोष्ट आधी घ्यायचे. चहा आला की पहिला घोट त्यांचा, मग कप शमिकापुढे. शिरा आला की आधी चमचाभर त्यांना. शमिका हसायची, बाबा, डोहाळे तुम्हाला लागलेत का मला? ते पण हसायचे. मात्र जेवायला बसले की नुसता दहीभात. तिखट नको, गरम नको. तोंड आलंय म्हणायचे.

पवित्राक्का वरच्या मजल्यावर राहतात. निपाणीच्या, मराठी कन्नड दोन्ही फाडफाड. जिन्यात मला थांबवलं आणि हसत म्हणाल्या, "काय रे आशू, तुझ्या अण्णांना कसलं औषध चालू हाय काय? रोज सकाळी युटिलिटीत उभं राहून चाटत असत्यात. वरनं दिसतंय मला. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुकायचं. देशी दवा हाय तर सांग की, आमच्यांना पण स्वल्प देऊ."

मी हसलो त्यांच्याबरोबर. 

दुसऱ्या दिवशी आईची आंघोळ सुरू झाली तसा मी किचनच्या दाराआड उभा राहिलो. बाबांनी वरच्या फळीपासून सुरुवात केली. बाटली काढायची, बूच उघडायचं, हुंगायचं. हुंगून कळलं तर परत. नाही कळलं तर करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, थुंकायचं, चूळ भरायची. पुढची बाटली. जरा सुद्धा घाई नाही. काही बाटल्या उचलून दुसऱ्या फळीवर ठेवत होते. एका बाटलीला त्यांचा चेहरा आवळला, डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी नळ सोडून तोंड खाली धरलं, बराच वेळ धरलं, आणि मग पुसून पुढची घेतली.

मी पुढे झालो. त्यांनी मला बघितलं आणि पहिल्यांदा त्यांना लाज वाटली, कचऱ्यात काहीतरी लपवताना पकडल्यासारखी. मी म्हटलं तोंड उघडा. नाही उघडलं. मी पण त्यांच्या मुलासारखा वागलो नाही, हनुवटी धरली. जीभ पांढरी पडली होती. कडेने सोललेली. गालाच्या आत लाल भोकं.

"सकाळी एक राउंड झाला की दिवसभर काळजी नाही," ते म्हणाले. जीभ जड होती. "तिला फक्त जागा आठवते. जागेवर योग्य वस्तू असली की झालं."

आणि दिवसा तिने हलवलं तर?

"म्हणून तर आधी मी घेतो ना."

त्यांनी सरळ हिशेब लावला होता. आई सांगून थांबायची नाही, शमिकाला कळू द्यायचं नाही, म्हणजे मधे कुणीतरी लागणार. मधे ते. मी म्हटलं आज शमिकाला तुमचं तोंड दाखवतो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले रविवारपर्यंत थांब. रविवारी ओळखीच्या डॉक्टरांशी बोलतो, शपथ. मी त्यांच्या आवाजाला फसलो. किंवा मला पण सांगायचं नव्हतं, तेही असेल. बाथरूमचा दरवाजा वाजला आणि आम्ही दोघं दोन बाजूंना झालो. आई ओले केस पुसत आली, फळीकडे बघितलं आणि म्हणाली, माझं कुणीतरी हलवलंय.

शनिवारी दुपारी बाबा डेंटिस्टकडे गेले. स्वतःहून, कारण आता पाणीही लागत होतं. जाताना मला म्हणाले, घरीच आहेस ना? मी म्हटलं आहे.

मी होतो. हेडफोन लावून. क्लायंटला संध्याकाळी रील पाहिजे होती, एकाच कटवर अडकलो होतो. शमिका सोफ्यावर पाय वर घेऊन पडलेली, जळजळतंय म्हणत होती. आई म्हणाली थांब, ओव्याचा अर्क देते पाण्यातून, माझ्या आईचा उपाय. हे मी ऐकलं. ऐकलं आणि कट बघत राहिलो. डोक्यात पोचायला वेळ लागला.

हेडफोन काढून वळलो तेव्हा पेला शमिकाच्या हातात होता. ओठांपासून वीतभर.

"शमे, पिऊ नको," मी म्हटलं.

ती थांबली. आई किचनच्या दारात, हात पदराला पुसत. मी उठून पेला काढून घेतला. ओव्याचा वास होता, घमघमता, त्याच्या आड दुसरं काही असलं तरी कळलं नसतं. पाणी स्वच्छ. शमिका चिडली, आता आईसमोर पण सुरू करणार का तू? मग मी सुरू केलं. आईसमोर. बाबांची जीभ सांगितली, रोज सकाळची चाट सांगितली, दोरीवरची पिशवी परत सांगितली. आवाज चढवला नाही. शमिका उठून बसली होती आणि तिचा हात आपोआप पोटावर गेला होता.

आई ऐकत होती.  मला वाटलं रागावेल, रडेल. ती जवळ आली आणि माझ्या हातातल्या पेल्याकडे वाकून बघायला लागली, विहिरीत बघतात तसं.

"काय घातलं मी यात?" तिने विचारलं.

आम्हाला विचारलं. खरंच विचारलं.

 ती म्हणाली, अर्कच असेल. मग म्हणाली, अर्क निळ्या बुचाचा. मग म्हणाली, निळं बूच मागच्या वर्षी तडकलं होतं ना रे? तिचा चेहरा असा झाला की मला तो परत बघायचा नाही. रस्त्यात मुलाचा हात सुटल्यावर होतो तसा.

दाराशी चप्पल वाजली. बाबा. डेंटिस्टकडे गर्दी होती म्हणून परत आले होते. त्यांनी आम्हा तिघांकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, आणि आईकडे. कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही.

आई म्हणाली, "अहो, यांना वाटतंय मी..." आणि पुढे तिला शब्द सापडेना.

बाबांनी माझ्या हातून पेला घेतला. मी सोडला. का सोडला, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय, पण सोडला, कारण वाटलं ते मोरीत ओततील. दुसरं काय करणार होते?

ते आईला म्हणाले, "तुझ्या हातचं मला कधी बाधलंय का?" आणि प्यायले. घोट नाही. निम्म्याच्या वर.

पेला टीपॉयवर ठेवला. तोंड पुसलं. "बघ," म्हणाले, "अर्कच आहे."

आई हसली. तेवढ्यात ती हसलीसुद्धा. शमिकाने श्वास सोडला. आणि मी बाबांच्या मानेकडे बघत होतो, तिथली शीर दोरीसारखी वर आली होती. ते खुर्चीकडे गेले, तिची पाठ धरून उभे राहिले, बसले नाहीत. शमिकाने विचारलं, बाबा, बरं वाटतंय ना? त्यांनी हाताने हो केलं. तोंडाने केलं नाही. मग लाळ गळायला लागली, शर्टावर, आणि त्यांना ती आवरेना.

पवित्राक्कांच्या नवऱ्याची गाडी होती म्हणून बरं. पवित्राक्का म्हणाल्या बाटली घ्या सोबत, दवाखान्यात पहिलं तेच विचारतील. मी युटिलिटीत धावलो. ओट्यावर काही नव्हतं. आईने वापरलेली बाटली जागेवर ठेवून दिली होती, तिची सवय. मी तीन फळ्यांसमोर उभा राहिलो. पाण्यासारखं दिसणाऱ्या बाटल्याच एवढ्या. मी क्रेट रिकामा केला आणि सगळ्या त्यात भरल्या.

जवळच्या नर्सिंग होममध्ये त्यांनी बाबांना आत नेलं. आई वाटभर बाबांचा रुमाल घट्ट धरून बसली होती. डॉक्टर तरुण होती, कन्नडमध्ये बोलत होती, भराभर. काय प्यायले, किती, कधी. उलटी करवली का? नाही म्हटलं. बरं केलंत म्हणाली. ॲसिडसारखं असेल तर एक करायचं, टर्पेंटाइनसारखं असेल तर दुसरं, चुकीचं केलं तर नुकसान वाढतं. बाटली आणलीय का?

मी क्रेट टेबलावर ठेवला.

तिने एक उचलली, फिरवली, दुसरी उचलली. लेबल कुठंय, म्हणाली. मग कळल्यावर आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. यातली कुठली?

आणि आई पुढे झाली.

पदर खोचला, क्रेटवर वाकली, आणि पूर्वीसारखी, अगदी पूर्वीसारखी, जराही न अडखळता तिचा हात गेला. मागच्या रांगेतली उजवीकडून दुसरी. बाहेर काढून डॉक्टरच्या हातात दिली. साफ कन्नडमध्ये म्हणाली, ही. व्हिनेगर आहे नुसतं. घाबरण्यासारखं काही नाही.

डॉक्टरने बूच उघडून हुंगलं. व्हिनेगरच होतं ते, मला दोन हातांवरून वास आला. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. आतल्या नर्सला काहीतरी सांगायला ती वळली.

शमिका माझ्याकडे बघत होती. तिला काय पाहिजे होतं ते मला दिसत होतं. तिला पाहिजे होतं की आईचं बरोबर असावं. मलाही तेच पाहिजे होतं. आई तिथे उभी होती, ताठ, किती दिवसांनी ताठ.

"डॉक्टर," मी म्हटलं. "आईचं धरू नका. तिला आठवत नाही. ती आजारी आहे."

कन्नडमध्ये म्हटलं. आईला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं.

डॉक्टर थांबली. बाटली खाली ठेवली. मग कुठली, तिने मला विचारलं.

माहीत नाही, मी म्हटलं. आमच्यातल्या कोणालाच माहीत नाही.

ती आत पळाली. पडद्यामागून बाबांचा आवाज येत होता, खोकल्यासारखा, पण खोकला नव्हता. शमिका भिंतीला टेकून खाली बसली. आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती टेबलाशी गेली आणि क्रेटमधल्या बाटल्या एकेक बाहेर काढायला लागली. गाडीत हिंदकळून आडव्यातिडव्या झाल्या होत्या. तिने त्या उंचीप्रमाणे ओळीत लावल्या, सगळ्यांची बुचं घट्ट केली, आणि पडद्याकडे पाठ करून परत पहिल्यापासून सुरुवात केली.